बूट रॅकमध्येच होते

डिचोलीत खुर्चीवर बसून समुद्रातल्या माणसांवर ओरडायचं, याचा मला पगार मिळतो. घरी हेच काम मी फुकट करतो, असं बायको म्हणते.

बोटी चालवणाऱ्या एका लहानशा कंपनीचं ऑफिस इथल्या औद्योगिक वसाहतीत आहे. बोट भर समुद्रात असताना इंजिन बंद पडलं, पंप फुटला, बॉयलर रुसला की तिथला माणूस उपग्रहाच्या फोनवरून मला गाठतो. मी विचारतो, आवाज कुठून येतोय, तेलाचा रंग कसा आहे, हात लावून बघ किती तापलंय. मग सांगतो, हे उघड, ते बंद कर. एखादा सुटा भाग लागणार असेल तर तो पुढच्या बंदरात बोटीच्या आधी पोचला पाहिजे, तेही मीच बघतो. मी स्वतः चीफ इंजिनियर म्हणून बोटींवर बरीच वर्षं काढली. त्याआधी मांडवीतल्या खनिजाच्या बार्जवर होतो. एकदा पंपाचा पट्टा माझ्या उजव्या हाताची दोन बोटं घेऊन गेला आणि डॉक्टरांनी माझा समुद्र बंद केला. बोटं गेल्याचं दुःख कमी, समुद्र गेल्याचा राग जास्त. तो राग अजून शिल्लक आहे आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतो.

फोनवरचं काम म्हणजे सावलीतलं काम, असं लोकांना वाटतं. कुणी तसं तोंडावर म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. फोनवर मी माणसं मोडताना ऐकली आहेत. धक्क्याला बोट बांधताना ताणलेला दोर तुटला आणि एका खलाशाच्या गुडघ्यावर बसला, तेव्हा माझा फोन चालू होता. दोर तुटल्याचा आवाज मी ओळखला. त्यानंतर जो आवाज आला तो माणसाचा आहे हे कळायला मात्र मला वेळ लागला. दुसऱ्या एका बोटीवर इंजिनरूममधले दोघे पान्यांनी एकमेकांची डोकी फोडत होते आणि तिसरा शांतपणे मला विचारत होता, "साहेब, पंप चालू करू का?" मी म्हटलं, "कर, आणि पहिलं पाणी त्या दोघांवर मार." तिकडे रक्त सांडत असतं आणि इकडे माझ्या मेजावर चहा निवत असतो. हात शिवशिवतात, पण मारणार कुणाला? म्हणून मी ओरडतो.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पेडण्यातल्या पार्से गावचा. पाळी गावच्या एका खाणीच्या वर्कशॉपात वेल्डर होता. खाणी बंद पडल्या तसा तो घरच्या काजूत आणि माडांत येऊन अडकला. माडाखाली बसून राहणारा तो प्राणी नव्हे. मीच त्याला आमच्या एका जुन्या मालवाहू बोटीवर फिटर म्हणून चिकटवला. हात सोन्याचे आणि डोकं दगडाचं, अशी त्याची ओळख मी तिथल्या चीफ इंजिनियरला करून दिली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

तो शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरणारा भक्त. जत्रेआधीचे व्रताचे दिवस धोंडाने घरादारापासून वेगळं राहायचं, आंघोळ करून स्वतःच्या हाताने रांधायचं, तेवढंच जेवायचं. मेहुणा त्या दिवसांत पायात काहीही घालत नसे. आणि शेवटी होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालून जायचं. माझं लग्न झालं त्या वर्षी मी त्याला पहिल्यांदा विचारलं होतं, "खरंच भाजत नाही का रे?" त्याने मला तळवे दाखवले. राखेने काळे झालेले, पण फोड एकही नव्हता.

"चटको लागता हो भावोजी," तो म्हणाला. "नाय लागलो तर मगे आमी देवीक दितंव काय?"

मी देवभोळा माणूस नाही. पण हे उत्तर मी अजून विसरलेलो नाही.

त्या वैशाखात तो बोटीवर होता, जत्रेला येणं शक्य नव्हतं. याने व्रत तिथेच धरलं. बोटीच्या स्वयंपाकघरात सगळा मांसमच्छीचा कारभार, तेव्हा याचा भात इंजिनरूमच्या खालच्या मजल्यावर, वर्कशॉपच्या कोपऱ्यात, विजेच्या शेगडीवर शिजू लागला. आणि पायात काही नाही. खाली लोखंडाचा कीस, तेल, तापलेले नळ, आणि हा त्यातून अनवाणी. कळलं तेव्हा मी फोनवर त्याला नको नको ते बोललो.

"ते शिरगावचं होमकुंड आहे, आणि हे डिझेल आहे!" मी ओरडलो. "डिझेलला देव कळत नाही!"

"माका कळता मां," तो म्हणाला. "तुमी उगीच तापतास."

मग मी तिथल्या चीफला गाठलं. तो भला माणूस. हसला आणि म्हणाला, "व्रत संपेपर्यंत त्याला मशिनपाशी फिरकू देत नाही. वर डेकवर रंग मारेल. खाली येईल तो फक्त भात शिजवायला." कप्तान नवाच होता, मागच्या बंदरात चढलेला. फिटर सध्या डेकच्या कामावर आहे, एवढंच त्याच्या कानावर गेलं. शेगडीचं आणि अनवाणी पायांचं गुपित चीफने आपल्यापाशीच ठेवलं, कारण कप्तानाला कळलं असतं तर दोघांचीही खरडपट्टी निघाली असती. बाकीचे खलाशी परदेशी. त्यांना व्रत कुठलं आणि धोंड कुठला?

आता बोटीवरची एक रीत सांगायला हवी. इंजिनरूमच्या दाराशी बुटांचा रॅक असतो. आत जाताना चपला तिथे काढायच्या आणि जाड तळव्याचे सेफ्टी बूट घालायचे, बाहेर येताना बूट परत रॅकमध्ये. त्यामुळे कोण आत आणि कोण बाहेर हे रॅककडे नुसतं बघून कळतं. ही सवय इतकी अंगात भिनते की आमच्या घरी कोण आलंय ते मी अजून दारातल्या चपलांवरूनच ओळखतो.

फोन आला तेव्हा बाहेर ऊन रणरणत होतं आणि शेजारच्या कारखान्यातलं प्रेस मशीन धडाधडा आपटत होतं. कप्तान बोलत होता. तो रत्नागिरीकडचा, एरवी मोजकं बोलणारा. त्या दिवशी त्याचा आवाज चिरकला होता.

"चीफसाहेब, इंजिनरूम पेटलीय. जनरेटरचा तेलाचा नळ फुटला. आमचा चीफ बाहेर आलाय, पण त्याचा चेहरा… त्याला बोलता येत नाही."

मी फोन स्पीकरवर टाकला. मागे धूर ओढल्यासारखी खोकणारी माणसं, कसली तरी घंटा, आणि या सगळ्याच्या खाली एक सततची घरघर. ती आगीची होती. आमचा मॅनेजर आपल्या केबिनमधून येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.

"माणसं मोजली?" मी विचारलं.

"एक कमी आहे. फिटर."

मेहुण्याचं नाव तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं.

"पण तो आत नाही," कप्तान घाईघाईने म्हणाला. "त्याची ड्यूटी डेकवर आहे. आणि बूट रॅकमध्येच आहेत, मी स्वतः पाहिले. पुढे कुठेतरी असेल, माणसं शोधायला पाठवलीत. मी गॅस सोडतोय."

हा गॅस म्हणजे बोटीचं शेवटचं हत्यार. दारं, झडपा, पंखे सगळं बंद करून तो इंजिनरूममध्ये एकदम सोडतात. हवा बाहेर ढकलली जाते, आग गुदमरून मरते. आत माणूस असेल तर तो आगीच्याही आधी मरतो. म्हणून सगळी माणसं हजर असल्याशिवाय गॅस सोडायच्या मुठीला हात लावायचा नाही. आणि बूट रॅकमध्ये असले तर कुणीही म्हणेल, माणूस आत नाही. मीसुद्धा म्हटलं असतं.

"थांबा!" मी ओरडलो. "मुठीवरचा हात काढा!"

"अहो बूट इथे आहेत!"

"खड्ड्यात गेले बूट! तो बूट घालत नाही! व्रत आहे त्याचं, अनवाणी फिरतो तो! या वेळेला तो खाली वर्कशॉपात भात शिजवत असतो! आत आहे तो, माझा मेहुणा आत आहे!"

मग मॅनेजर माझ्या खांद्यावरून फोनकडे वाकला. "कप्तान, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय ना? मग सोडा गॅस. बाकीची माणसं, बोट, सगळं जाईल. सोडा, मी सांगतो."

तो वाईट माणूस नाही, हे आज लिहिता येतं. त्याला बाकीची सगळी माणसं दिसत होती आणि मला एकच. पण त्याने फोनवर हात ठेवला आणि माझं डोकं फिरलं. मी फोनचा जड रिसीव्हर उचलून त्याच्या बोटांवर आपटला. तो किंचाळला, तरी सोडेना. मग मी त्याची कॉलर धरून त्याला लोखंडी कपाटावर असा आदळला की कपाटावरच्या फायली त्याच्या डोक्यावर कोसळल्या. तो उठून माझ्या अंगावर आला. मी डोक्याने त्याच्या नाकावर मारलं. काहीतरी मोडल्याचं मला कपाळात जाणवलं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. शेजारच्या कारखान्यातले बेळगावकडचे कामगार खिडकीशी गोळा झाले. त्यातला एक कन्नडमध्ये काहीतरी ओरडला, बाकीचे नुसते बघत राहिले. मॅनेजर जमिनीवर बसून नाकातलं रक्त शर्टाला पुसत होता. मी त्याच्याकडे पाठ करून फोनवर वाकलो.

"कप्तान, ऐका. मागच्या बाजूला, डेकवर, दोरांच्या कोठीजवळ एक गोल झाकण आहे. त्याखाली सरळ उभी शिडी वर्कशॉपाशी उतरते. आगीने मुख्य दाराची वाट अडवली असेल तर तो त्या शिडीला गेला असणार. हवेची नळकांडी बांधलेली दोन माणसं पाठवा आणि झाकण उघडा."

"झाकण उघडलं तर आगीला हवा मिळेल."

"मिळू दे! त्यालाही मिळेल!"

त्याने शिवी घातली. मला की नशिबाला, ठाऊक नाही. पण तो धावला, फोन हातात घेऊन धावला. मला त्याच्या बुटांचे आवाज येत होते, लोखंडावरून जाणारे. मग ते थांबले आणि मी दुसरा आवाज ऐकला. आतून कुणीतरी झाकणावर ठोकत होतं. पातळ, टणक आवाज, आणि त्याला जोर उरलेला नव्हता. नंतर कळलं, तो भाताचा डाव होता. पळताना हातात राहिला तो राहिलाच.

"कडी हलत नाही," कप्तान धापा टाकत म्हणाला. "रंगाचे थर चढलेत."

"घण घ्या! तोडा!"

घणाचे घाव पडू लागले. प्रत्येक घावाला मी मेजावर मूठ आपटत होतो, जणू त्याने इथून मदत होणार होती. मधेच आतला आवाज थांबला. तो थांबला तेव्हा मी काय ओरडत होतो ते मला आठवत नाही. कारखान्यातल्या कुणीतरी पुढे बायकोला सांगितलं की साहेब देवीला शिव्या देत होते.

कडी तुटली. धूर बाहेर आला असणार, कारण सगळेच खोकू लागले. मग कप्तान अगदी हळू आवाजात बोलला.

"आहे. जिवंत आहे. शिडीवर उभा आहे. पण शिडी तापलीय. याचे पाय पायऱ्यांना चिकटलेत."

माझी मूठ मेजावर आपटायची थांबली.

"चीफसाहेब, काय करू? ओढू?"

बोटीवरचा कुठलाही प्रश्न असो, उत्तर द्यायचं हे माझं काम. झडप उघडू का, पंप बंद करू का, नळ तोडू का. मी सांगतो आणि ते करतात.

"ओढा," मी म्हटलं.

जे मी ऐकलं ते इथे उतरवता येणार नाही. तो आवाज मला अजून अवेळी ऐकू येतो, अगदी पोदेराकडून पाव घेताना, भर बाजारात. मग झाकण आपटल्याचा आवाज झाला. कप्तानाने गॅस सोडला. नळ्यांमधून मोठा सुस्कारा गेला आणि हळूहळू ती खालची घरघर मेली. बोट वाचली. सगळी माणसं वाचली.

त्यानंतर मी रडत बसलो नाही, कारण काम होतं. जवळच्या आखाती बंदरातून लाँच बोलावली, भाजलेल्यांचं इस्पितळ शोधलं, बोट ओढून नेणाऱ्या टगची सोय केली. चीफ आणि मेहुणा या दोघांचे कागद मीच तयार केले, तीन बोटांच्या हाताने. मधेच मॅनेजर नाकात कापूस कोंबून आला आणि माझ्या शेजारी बसून त्याने विमान कंपनीला फोन लावला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पुढे त्याने माझी तक्रार केली आणि मला घरी बसवलं. मग दुसऱ्या एका बोटीचं इंजिन बंद पडलं, तेव्हा त्यानेच फोन करून मला परत बोलावलं. त्याचं नाक अजून थोडं डावीकडे झुकलेलं आहे. आमचं बरं चाललंय.

घरी गेलो तेव्हा बायको आडाळ्यावर बसून खोबरं खवत होती. माझ्या शर्टावरचं रक्त पाहून तिचा हात थांबला.

"कोणाचा ह्या रगात?"

"मॅनेजराचा." मग मी सगळं सांगितलं. शेगडी, बूट, झाकण.

"जितो आसा?"

"जिवंत आहे."

"तां कळला. कसो आसा तां सांगा!"

मी पायांचं सांगितलं. ओढा म्हणून कोणी सांगितलं तेही सांगितलं. तिने हातातली नारळाची कवड माझ्या तोंडावर फेकून मारली. भुवई फाटली. मग ती उठून आली आणि दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारत राहिली, आणि मी हात खाली सोडून उभा राहिलो. मारण्यासाठी तिला निदान मी तरी समोर होतो. थकली तेव्हा तिने स्वतःच्या पदराने माझी भुवई दाबून धरली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

मेहुणा पुष्कळ दिवसांनी घरी आला. मांडीची कातडी काढून डॉक्टरांनी त्याच्या तळव्यांना लावली होती. आधी कुबड्या, मग काठी, मग नुसताच लंगडत. पाऊस गेला, काजू मोहरले. पार्शाला गेलं की तो सोप्यावर बसून सुया-टाचण्या घेऊन कसलीतरी बारीक दुरुस्ती करत असायचा. अपघाताबद्दल त्याने मला एकदाही विचारलं नाही. मी विचारलं, "बूट घातले असतेस तर?" तर म्हणाला, "पुरे ओ भावोजी," आणि हसला.

परत वैशाख आला. आम्ही दोघं नवराबायको पार्शाला गेलो होतो. भिंतीवर त्याची धोंडाची वेताची काठी, जत्रेत हातात धरायची, टांगलेली होती, तिला लोकरीचे नवे गोंडे बांधलेले. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पत्र्यात काजूच्या बिया भाजणं चाललं होतं. बियांचा चीक पेटून धूर काळा येत होता. तो धूर लागताच माझा जीव कासावीस झाला आणि नेहमीप्रमाणे त्याचं ओरडणं झालं.

"यंदा व्रत धरणार की काय? धरलंस तर तंगडी तोडून हातात देईन! डॉक्टर काय म्हणाला ऐकलंस ना?"

त्याने चपला काढल्या. चुलीतला एक जळता निखारा काडीने बाहेर ओढला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यावर उजवा पाय ठेवून उभा राहिला. सगळा भार टाकून.

"अरे मेल्या!" मी धावलो. कातडी जळण्याचा वास आला. बायको दारातून किंचाळली. तो मात्र माझ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं, एखादा दगडावर उभा असावा तसा.

"कायच कळना नाय, भावोजी," तो म्हणाला. "मी बगलंय दोन-तीनदा. चटकोच लागना नाय." मग त्याचा आवाज फुटला. "आता मी देवीक काय दिवू?"

माझे हात शिवशिवत होते. कुणाला तरी फोडून काढायला हवं होतं. अंगणात तो होता, बायको होती आणि धुमसणारी चूल. मी त्याला ढकलून सोप्यावर बसवला, त्याचा पाय माझ्या मांडीवर घेतला, आणि तळव्यात रुतून बसलेला निखाऱ्याचा तुकडा उरलेल्या बोटांनी उपटून काढला. चटका मला लागला.